इंजिनाआधी पत्रा पाहा

दोनच माणसं बसतील एवढी जागा, मागे ढकलता येणारं कापडी छप्पर आणि मागच्या चाकांना ओढ. अशा हलक्या गाड्यांचा लौकिक एकेकाळी ब्रिटिशांचा होता, आणि इंजिनाखाली तेलाचं थारोळं साचण्याचाही! फेब्रुवारी १९८९मध्ये जपानच्या माझदानं शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मांडली आणि तेलाचं थारोळं वगळून बाकी सगळी मजा लोकांना दिली. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. भारतात ती अधिकृतपणे कधी आली नाही. मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांना जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हुक्की आली, तर बहुधा पहिली नजर हिच्यावरच जाते.

घेणारा बॉनेट उघडून इंजिन ऐकत बसतो. ते दणकट आहे. थंड असताना वरून टकटक आली, तर बहुतेक वेळा हायड्रॉलिक लिफ्टरना ताजं ऑइल हवं असतं, एवढंच. ही गाडी मरते ती पत्र्यानं.

हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्याहून मोठा घात छपराच्या पाण्याचा. कापडावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांतून खाली जातं. तिथे पाला-कचरा अडकला की ते तुंबून दाराखालच्या पोकळ सिलमध्ये शिरतं आणि सिल आतून सडते. बाहेरचा रंग चकाचक राहतो. म्हणून मागच्या चाकाच्या अगदी पुढे, सिलच्या टोकाला बोटांनी दाबून पाहा. सोबत साधं लोहचुंबक ठेवा. ते चिकटेनासं झालं, तर तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे असं धरून चाला. सीटमागचा गालिचाही उचलून हात फिरवा, ओल कळते.

१९९८ ते २००५ची दुसऱ्या पिढीची गाडी असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय बोलणीच करू नका. तिच्या पुढच्या भागातले चासीचे दांडे दुहेरी पत्र्याचे आहेत. त्या दोन थरांत गंज धरतो आणि वरून दिसेपर्यंत काम हाताबाहेर गेलेलं असतं. विकणाऱ्यानं नुकताच खालून काळा थर फासला असेल, तर मी तरी दोन पावलं मागे सरकेन.

इंजिनाचा खरा दोष सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांतला. त्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलल्यावर तिथला बोल्ट नीट आवळला नाही, तर चावीची खाच झिजते आणि पुली डुगडुगते. इंजिन चालू ठेवून खालच्या पुलीकडे टक लावून पाहा, ती हलताना दिसली तर घरी या.

बाकी किरकोळ. थंडीत दुसरा गिअर थोडा कुरकुरतो, गरम झाल्यावर सुधारला तर चालेल. क्लच पेडल खाली बसत असेल तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय, पण ते काम स्वस्तात होतं.

कागदपत्रांत ब्रिटनची एक सोय फार उपयोगी. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी असते आणि नंबर टाकला की जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. नोंदवलेले मैल एखाद्या वर्षी घटले असतील, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. ‘गंज’ हा शेरा दोन-तीन वर्षं सलग येऊन अचानक गायब झाला असेल, तर दुरुस्तीचं बिल मागा. जपानहून आणलेल्या, ‘युनोस रोडस्टर’ नावाच्या याच गाड्यांचं मीटर किलोमीटरमध्ये असतं, तेव्हा आकडे जुळवताना हे ध्यानात ठेवा.

उघड्या छपराच्या गाडीला गिऱ्हाईक उन्हाळ्यात जास्त, म्हणून दिवाळीनंतरच्या गारठ्यात घासाघीस जमते. शक्यतो पावसाच्या दिवशीच जा, आणि इंजिन थंड ठेवायला आधी सांगून ठेवा.

दोन गाड्या समोर असतील, एकीचं इंजिन गोड पण सिल सडलेली आणि दुसरीचं इंजिन थकलेलं पण खालचा पत्रा ठणठणीत, तर दुसरी घ्या. या गाडीची जुनी इंजिनं बाजारात मिळतात.