प्रक्षेपांची तुलना आणि कारकांचा वर्णपट

सांत मितीच्या अवकाशात स्वयंसंलग्न कारकाचा वर्णपट म्हणजे त्याची आयगेन-मूल्ये होत, आणि प्रत्येक मूल्याचे वजन त्याच्या उपावकाशाच्या मितीने मोजावयाचे. परंतु [०, १] वरील वर्गसंकलनीय फलनांच्या अवकाशात ‘क्ष ने गुणणे’ या साध्या कारकालाही एकही आयगेन-सदिश नाही. मग मिती मोजावयाची ती कशाची?

मरे व फॉन नॉयमान यांनी १९३६ साली या प्रश्नाला भौमितिक उत्तर दिले. फॉन नॉयमान बीजगणितात त्यातील प्रत्येक स्वयंसंलग्न कारकाचे सर्व वर्णपटीय प्रक्षेप असतातच. त्यांपैकी एका प्रक्षेपाचा उपावकाश दुसऱ्याच्या उपावकाशावर, लांबी न बदलता, नेणारा कारक त्याच बीजगणितात असेल तर ते दोन प्रक्षेप तुल्य समजावयाचे. (‘त्याच बीजगणितात’ ही अट विद्यार्थी हमखास विसरतात, सारे मर्म तिच्यातच आहे.) ज्याचे केंद्र केवळ अदिशांचे आहे अशा बीजगणितात, म्हणजे फॅक्टरमध्ये, कोणत्याही दोन प्रक्षेपांची तुलना करता येते. दुसऱ्या प्रकारच्या सांत फॅक्टरमध्ये मिती ० ते १ मधील प्रत्येक मूल्य घेते; १/√२ मितीचा उपावकाशही तेथे सापडतो. ही मिती म्हणजेच प्रक्षेपाचा ट्रेस.

या कल्पनेचे सामर्थ्य एका उदाहरणाने पाहू. अशा फॅक्टरमध्ये अ व ब हे दोन स्वयंसंलग्न कारक असून दोहोंच्या वर्णपटाचे वजन [०, १] वर समप्रमाणात पसरले आहे असे माना. अंतराचे न समान भाग करा. प्रत्येक भागाशी निगडित अ चा व ब चा प्रक्षेप एकाच मितीचे, १/न, म्हणून तुल्य. ती नेआण करणारे कारक एकत्र जोडले की एक युनिटरी कारक मिळतो. त्याने अ चे रूपांतर केले असता प्रत्येक तुकड्यावर रूपांतरित अ आणि ब हे दोन्ही १/न लांबीच्या एकाच अंतरात राहतात. अर्थात त्यांच्या फरकाचा नॉर्म १/न हून अधिक नाही. येथे भूमितीखेरीज काहीही वापरलेले नाही.

मात्र अ व ब तंतोतंत युनिटरी-तुल्य असतीलच असे नाही. एकाच फॅक्टरमध्ये नियमित आणि विलक्षण अशी दोन्ही प्रकारची महत्तम क्रमनिरपेक्ष उपबीजगणिते असू शकतात, हे दिक्स्मिए यांनी १९५४ मध्ये दाखविले. दोहोंचे जनक वरीलप्रमाणे निवडले, तर एक दुसऱ्यावर नेणे अशक्य ठरते. वर्णपट सारखा, स्थान निराळे!

कारक नॉर्मल नसेल तर वर्णपटीय प्रक्षेपच नाहीत. येथे फुग्लीड व कॅडिसन यांचा निश्चयक (१९५२) उपयोगी पडतो. त्याच्या लॉगरिदमपासून ब्राउन यांनी १९८६ च्या लेखात संमिश्र प्रतलावर एक माप बांधले. पुढे २००९ मध्ये हागेरुप व शुल्ट्झ यांनी सिद्ध केले की प्रतलातील प्रत्येक बोरेल संचासाठी त्या मापाइतक्याच मितीचा, कारकाने अचल राहणारा उपावकाश बीजगणितातच मिळतो. माप एका बिंदूवर एकवटलेले नसेल तर क्षुल्लक नसलेला अचल उपावकाश हाती आलाच. ते एकाच बिंदूवर असेल तेव्हा मात्र हा सिद्धान्त ० अथवा १ मितीच देतो, आणि तेथे ही पद्धत मौन पाळते.