डॉक्टरकीची दुसरी वाट

अमेरिकेत एखाद्या डॉक्टरच्या नावापुढे ‘एम.डी.’ऐवजी ‘डी.ओ.’ ही अक्षरे दिसली, तर हा कोणी अर्धा डॉक्टर असेल असे समजू नका. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीचा पदवीधर. तिकडे तो औषधे लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणे करतो. एम.डी.ला जे हक्क, तेच त्याला.

ही वाट पाडली अँड्र्यू टेलर स्टिल या खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या डॉक्टरने. १८६४ साली मेंदूच्या तापाने त्याची तीन मुले दगावली. त्या काळी पाऱ्यासारखी जहाल द्रव्येसुद्धा औषध म्हणून सर्रास पोटात देत. असल्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. हाडे, सांधे, स्नायू जागच्या जागी असले की शरीर आपले आपणच पुष्कळसे बरे होते, असे तो मानू लागला. १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहान गावी त्याने आपली शाळा काढली.

त्याचे सगळेच म्हणणे पुढे टिकले असे नाही. पण त्याच्या शाळांनी नवे वैद्यकशास्त्र घेतले, औषधे घेतली आणि हाताने उपचार करण्याची विद्याही सोडली नाही. मान मिळायला मात्र फार काळ लागला. अमेरिकन लष्कराने या डॉक्टरांना दार उघडले ते १९६६ साली. मिसिसिपी या शेवटच्या राज्याने पूर्ण परवाना दिला १९७३ साली. आज तिथे वैद्यक शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांत निदान एक या वाटेचा असतो आणि पुष्कळजण साध्या, घरगुती डॉक्टरकीकडे वळतात.

आता शिक्षण कसे असते ते पाहू. आपल्याकडे बारावीनंतर मुलगा थेट एम.बी.बी.एस.ला जातो, तिकडे बहुधा आधी पदवी, मग प्रवेशपरीक्षा. त्यानंतर चार वर्षांचे कॉलेज. त्यात हाताच्या उपचारांचे सुमारे २०० तास जादा. पुढे इस्पितळातली तीन ते सात वर्षांची उमेदवारी. ही उमेदवारी २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांनाही एकाच व्यवस्थेखाली करावी लागते.

गुरुजी, खरी मेख पुढेच आहे बरं का! हेच नाव ब्रिटनमध्ये निराळ्या अर्थाने चालते. तिथल्या ऑस्टिओपॅथची १९९३च्या कायद्याप्रमाणे नोंदणी होते; पण तेवढ्याने तो डॉक्टर ठरत नाही, त्याला शस्त्रक्रिया करता येत नाही. शब्द एक, पण एका देशात डॉक्टर आणि दुसऱ्यात अंगमर्दनाचा जाणकार!

म्हणून परदेशी शिक्षणाची जाहिरात घेऊन कोणी पालक आला, तर त्याला तीनच प्रश्न विचारायला सांगा. पदवी कोणत्या देशाची? तिच्यावर औषध लिहिण्याचा परवाना मिळतो का? आणि आपल्या देशात ती चालेल का? उत्तरे लेखी हाती येईपर्यंत शेताचा तुकडा गहाण पडू देऊ नका. पोराची हौस एक वर्ष थांबेल. गेलेली जमीन परत येत नाही.