फुगवायची कॅनू घेताय? थांबा, आधी हे ऐका

गेले काही दिवस एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, नदीत फिरायला फुगवायची कॅनू घ्यायचीय, कुठली घेऊ?" आज तेवढंच बोलू. हेडफोन नसेल तर खाली वाचा, बोललो तसंच जरा नीट करून टाकलंय.

आधी माझा गाढवपणा सांगतो. पहिली बोट मी फोटो बघून मागवली. रंग झक्कास, किंमत त्याहून झक्कास. भीमेच्या काठावर उतरवताना वेड्या बाभळीचा काटा लागला आणि पंधरा-वीस मिनिटांत आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे! नशीब, कमरेएवढंच होतं. ती बोट मुळात स्विमिंग पूलमधलं खेळणं. पातळ प्लास्टिक, आणि हवेचा कप्पा एकच.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नाही, कप्पे किती हा. निदान तीन हवेत: दोन बाजूंचे आणि एक तळाचा. एक गेला तरी उरलेले दोन तुम्हाला काठापर्यंत आणतात. मटेरियल म्हणाल तर आत कापड असलेलं जाड पीव्हीसी बघा. वर्णनात 'डेनियर' असा शब्द असतो, ती आतल्या धाग्याची जाडी. 1000 च्या आसपास असेल तर आपल्या खडकाळ नद्यांना बरं. हायपालॉन उन्हात जास्त टिकतं, पण महाग. पहिल्या बोटीला त्याची गरज नाही, असं माझं मत.

तळ मात्र चांगलाच घ्या. तळ मऊ असला की दोघं बसल्यावर बोट केळ्यासारखी वाकते आणि वल्ह्याची निम्मी ताकद वाया जाते. ड्रॉप-स्टिच तळात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे 8-10 पीएसआय हवा भरली की तो फळीसारखा ताठ होतो. बाजूच्या नळ्यांना मात्र साधारण 2-3 पीएसआयच पुरतं. बोटीवर छापलेला आकडा पाळा आणि गेज असलेला पंप घ्या.

गेज का? सकाळी 3 पीएसआय भरलं, मग बोट वाळूवर उन्हात ठेवून तुम्ही पोहे खायला गेलात. आतली हवा वीस अंशांनी तापली की तेच 4 च्या वर जातं आणि शिवण उसवते. काठावर थांबलात की थोडी हवा सोडा.

आता खरी भीतीची गोष्ट. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. वरून येताना बोटीतून तो दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते. खाली पडणारं पाणी उभं गोल फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं, लाइफ जॅकेट असलं तरी. (जॅकेट घालायचंच, त्यावर चर्चा नाही.) म्हणून निघण्याआधी फोनवर सॅटेलाइट नकाशात नदी पूर्ण बघा, बंधारे मार्क करा, आणि बरंच आधी काठाला लागा. बोट पंधरा-वीस किलोची असते, दोघांनी उचलून बंधाऱ्याच्या खाली नेता येते. फुगवायची बोट घेण्याचा हाच तर फायदा!

धरणाखालच्या नदीत पाणी कधी सुटणार हे गावात विचारल्याशिवाय उतरू नका. कोलाडचं राफ्टिंगच भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. म्हणजे सकाळी गुडघाभर वाटणारी कुंडलिका थोड्याच वेळात वेगळीच नदी होते.

आणि हो, घरी आल्यावर बोट पूर्ण वाळवूनच घडी घाला. माझी दुसरी बोट बुरशीने गेली. ती गोष्ट पुढच्या भागात.