मतदारसंघांची आखणी (लेखांक ४) : भातसानगरचा खासदार भिवंडीचा का?

शहापूर तालुक्यातल्या भातसानगरचा मतदार लोकसभेसाठी २३ क्रमांकाच्या भिवंडी मतदारसंघात आणि विधानसभेसाठी १३५ क्रमांकाच्या शहापूर मतदारसंघात मत देतो. भिवंडी लोकसभा मतदारसंघ सहा विधानसभा मतदारसंघांचा बनला आहे : भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. पूर्वेला कसारा आणि माळशेज घाटांखालची आदिवासी गावे, पश्चिमेला यंत्रमागांची आणि गोदामांची भिवंडी, मध्ये कल्याण शहराचा पश्चिम भाग, दक्षिणेला बदलापूर, असा हा प्रदेश आहे. कल्याण नावाचा वेगळा लोकसभा मतदारसंघ शेजारीच आहे, पण कल्याण पश्चिमचा मतदार खासदार निवडतो तो भिवंडीचा.

ही रचना २००८ पासूनची आहे. ती कोणत्या हिशेबाने झाली हे समजण्यासाठी आधी ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या पाहावी लागते.

राज्यघटनेचा दंडक असा, की राज्यातील प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी. इथे मोजली जाते ती जनगणनेतील एकूण लोकसंख्या. मतदारयादीतील नावांची संख्या नव्हे. पाळण्यातले मूलही या हिशेबात धरले जाते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. विधानसभेच्या २८८ जागांनी भागल्यास एका जागेला साधारण पावणेदोन लाख माणसे येतात. ठाणे जिल्ह्यात तेव्हा २२ लाख ८१ हजार लोक होते, म्हणून जिल्ह्याच्या वाट्याला १३ जागा आल्या. त्यानंतर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप गोठवले गेले. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. राज्याराज्यांतले प्रमाण त्यामुळे टिकले, पण राज्याच्या आतल्या सीमाही त्याबरोबर तीस वर्षे जागच्या जागी राहिल्या. याच तीस वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि नवी मुंबई ही शहरे उभी राहिली.

२००१ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३१ हजारांवर पोचली होती. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख झाल्याने एका विधानसभा जागेमागे ३ लाख ३६ हजार माणसे येत होती. भागाकार केला की ठाणे जिल्ह्याला २४ जागा मिळतात, आणि तेवढ्याच मिळाल्या. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहणार असल्याने या ११ वाढीव जागा इतरांच्या वाट्यातून आल्या. मुंबईकडे माणसे पाठवणाऱ्या रत्नागिरीच्या जागा सातवरून पाचवर उतरल्या. खेड आणि संगमेश्वर ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. कोकणातून ठाण्या-मुंबईकडे झालेले स्थलांतर विधानसभेच्या नकाशावर इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

हे काम न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००२ च्या कायद्यानुसार केले. १९५२, १९६३ आणि १९७३ नंतरचा हा चौथा आयोग. त्याला पाळावयाच्या कसोट्या कायद्यातच दिल्या आहेत. प्रदेश सलग आणि आटोपशीर असावा. डोंगर-नद्यांसारखी भूरचना, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी. आणि एक विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला जाऊ नये. शेवटची अट सर्वांत कडक आहे. महाराष्ट्रात ४८ लोकसभा आणि २८८ विधानसभा जागा असल्याने प्रत्येक खासदाराच्या वाट्याला नेमके सहा विधानसभा मतदारसंघ येतात. सहाचा गट पुरा करायचा असेल तर कुठेतरी शहराला डोंगर जोडावा लागतो. भिवंडी मतदारसंघ त्यातून घडला.

शहापूर त्याआधी डहाणू या अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघात होते. १९९६ आणि १९९९ मध्ये चिंतामण वनगा आणि २००४ मध्ये दामोदर शिंगडा हे तिथले खासदार होते. २००८ मध्ये डहाणू मतदारसंघ संपला. जिल्ह्याच्या २४ जागांचे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार लोकसभा मतदारसंघ झाले. त्यांपैकी फक्त पालघर राखीव आहे. परिणामी शहापूरचा आमदार राखीव जागेवरचा राहिला, खासदार मात्र खुल्या जागेवरचा झाला. भिवंडीतून २००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे कपिल पाटील आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे निवडून आले. पक्ष तीन, पण तिघेही भिवंडीच्या बाजूचे. लोकसंख्येचे वजन कुठे आहे हे यावरून कळते.

भिवंडी हे नाव लोकसभेला नवे नव्हते. १९५७ मध्ये ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता आणि तिथून वारली आंदोलनाचे नेते शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा हे दोघे कम्युनिस्ट एकाच वेळी निवडून गेले होते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. पुढच्याच, १९६२ च्या निवडणुकीत भिवंडीतून जव्हार संस्थानचे यशवंतराव मुकणे निवडून आले आणि १९६७ मध्ये सोनूभाऊ बसवंत. शहापूरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे बसवंत. म्हणजे शहापूर परिसराशी नाते असलेला माणूस भिवंडीच्या नावाने दिल्लीला गेल्याचे उदाहरण जुने आहे. २००८ नंतर तसे घडलेले नाही.

विधानसभेच्या पातळीवर शहापूर आणि मुरबाड यांची गोष्ट एकसारखी नाही. शहापूर हा आजच्या ठाणे जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे याच तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही इथेच आहेत. पण मतदारसंघ माणसे मोजून होतो; धरणाचे पाणी, जंगल किंवा क्षेत्रफळ त्यात मोजले जात नाही. २००१ मध्ये तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. सरासरी गाठण्यासाठी शेजारच्या वाडा तालुक्याचा काही भाग शहापूरला जोडण्यात आला.

त्यात वाडा तालुक्याचे मात्र तुकडे झाले. पूर्वी वाडा हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ होता. आता तो तालुका शहापूर, भिवंडी ग्रामीण आणि विक्रमगड अशा तीन मतदारसंघांत वाटला गेला आहे. विक्रमगड पालघर लोकसभेत मोडते, बाकीचे दोन भिवंडीत. त्यामुळे एका तालुक्याला तीन आमदार आणि दोन खासदार आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वाडा तालुका तिकडे गेला. मतदारसंघाची सीमा जिल्ह्याबरोबर सरकत नाही. शहापूरच्या आमदाराला आपल्याच मतदारसंघातील काही गावांच्या कामासाठी पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेकडे जावे लागते ते यामुळे. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही खरी अडचण आहे. रस्ता मागायचा एका जिल्ह्यात आणि त्यासाठी आमदार गाठायचा दुसऱ्या जिल्ह्यात, अशी त्यांची स्थिती होते.

मुरबाडमध्ये उलटे घडले. मुरबाड तालुक्याची लोकसंख्या २००१ मध्ये दोन लाखांपेक्षा कमी होती. ती पुरी करण्यासाठी कल्याण तालुक्याचा ग्रामीण भाग आणि अंबरनाथ तालुक्यातील कुळगाव-बदलापूर नगरपरिषद जोडली गेली. तेव्हा बदलापूर एक लाखाच्या आतले गाव होते. २०११ च्या जनगणनेत ते पावणेदोन लाखांच्या जवळ गेले आणि त्यानंतरही इमारती उभ्या राहतच आहेत. मतदारसंघाचे नाव मुरबाड राहिले, पण मतांचा मोठा गठ्ठा लोकलच्या मार्गावरच्या बदलापुरात तयार झाला. टोकावडे, धसई, सरळगाव परिसराच्या प्रश्नांना या शहरी प्रश्नांच्या शेजारी उभे राहावे लागते. मुरबाड शहराला तर अजून रेल्वेही नाही.

राखीव जागांचा नियमही इथे समजून घेण्यासारखा आहे. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरल्या जातात. अनुसूचित जमातींच्या जागा मात्र जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त, तिथेच ठेवल्या जातात. जुन्या ठाणे जिल्ह्यात १३ पैकी पाच जागा जमातींसाठी राखीव होत्या : डहाणू, पालघर, जव्हार, वाडा आणि शहापूर. नव्या रचनेत २४ पैकी सहा राखीव झाल्या : डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, भिवंडी ग्रामीण आणि शहापूर. संख्या एकने वाढली, जिल्ह्यातला वाटा मात्र एक तृतीयांशाहून जास्त होता तो एक चतुर्थांशावर आला. शहरांकडे आलेल्या माणसांमुळे जिल्ह्यातले आदिवासींचे प्रमाण घटले, त्याचे हे प्रतिबिंब. मुरबाड तालुक्यात महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी वस्ती असूनही मतदारसंघ खुला आहे. बदलापूर आत असताना टक्केवारी वर जाण्याची शक्यताही नाही.

राखीव मतदारसंघ आणि अनुसूचित क्षेत्र यांची अनेकदा गल्लत होते. अनुसूचित क्षेत्र राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने ठरले आहे. त्यात शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावे येतात. ग्रामसभेचे पेसा कायद्याखालील अधिकार त्या सीमेवर अवलंबून आहेत. परिसीमन आयोगाने मतदारसंघ बदलला तरी ते अधिकार बदलत नाहीत. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांच्याशीही या आयोगाचा संबंध नसतो. ते काम वेगळे होते.

आता पुढची पुनर्रचना. २००२ मध्ये अमलात आलेल्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवले. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. महिलांना एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे, आणि ते आरक्षण जमातींच्या राखीव जागांनाही लागू आहे. शहापूरसारख्या ठिकाणी म्हणून तीन प्रश्न एकदम येतील : सीमा कोणती, जागा राखीव का, आणि ती महिलेसाठी का.

कल किती सरकला आहे याचा अंदाज २०११ च्या आकड्यांवरून येतो, जरी ते आकडे जागावाटपाचा आधार नाहीत. त्या वर्षी एकत्रित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती, देशातल्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. राज्याची सरासरी एका विधानसभा जागेमागे ३ लाख ९० हजार झाली होती. जागा २८८ च धरल्या तर आजच्या ठाणे आणि पालघर जिल्ह्यांना मिळून २४ ऐवजी २८ जागा येतात. शहापूर तालुका तेव्हा तीन लाखांच्या थोडाच वर होता, म्हणजे सरासरीपासून २००१ पेक्षा अधिक दूर. जागांची एकूण संख्या वाढली नाही तर शहापूर मतदारसंघाला आणखी गावे जोडावी लागतील आणि तो आणखी पसरेल. बदलापूर मात्र स्वतःच्या बळावर मुरबाडपासून वेगळे होण्याच्या दिशेने चालले आहे. तसे झाले तर मुरबाडला पुन्हा शेजार शोधावा लागेल. शहापूर-मुरबाड रस्त्याने जोडलेली, सारख्या शेतीची आणि सारख्या पाणीटंचाईची गावे एका मतदारसंघात असावीत ही मागणी रास्त आहे. कायद्यातल्या दळणवळण आणि लोकांची सोय या कसोट्यांत ती बसतेही.

अशी मागणी मांडण्याची एक ठरलेली वेळ असते. आयोगाला राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून साहाय्य करतात, पण त्यांना मताधिकार नसतो. प्रस्तावांचा मसुदा, सहयोगी सदस्यांच्या भिन्न मतांसह, राजपत्रात प्रसिद्ध होतो. मग हरकती आणि सूचना घेतल्या जातात आणि जाहीर सुनावण्या होतात. गावांची नावे जनगणनेच्या यादीप्रमाणे आणि लोकसंख्येचे आकडे त्याच जनगणनेचे असतील तरच हरकतीला अर्थ राहतो, कारण एक गाव काढले की दुसरे घालून बेरीज जुळवावी लागते. अंतिम आदेश निघाल्यावर त्याला कायद्याचे बळ येते. तो लोकसभेत आणि विधानसभेत केवळ माहितीसाठी ठेवला जातो. त्यात बदल करण्याचा अधिकार सभागृहांना नाही, आणि घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने न्यायालयाचा मार्गही जवळपास बंद केला आहे. चालू सभागृहाची मुदत संपेपर्यंत पोटनिवडणुका जुन्याच सीमांवर होतात. नव्या सीमा लागू होतात त्या पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून.