शिकागोची अर्धवट राहिलेली बांधणी

माझा आतेभाऊ शिकागोत नोकरी करतो. बडोद्यात होतो तेव्हा मोतीबागेवर क्रिकेट बघायला आम्ही दोघं एकाच सायकलवर जायचो. तिकडे गेल्यावर त्यानं बेसबॉल धरला आणि संघ निवडला तो व्हाइट सॉक्स. शहरात कब्स हा दुसरा, जास्त लाडका संघ आहे. पण आमच्या दादाला पहिल्यापासून मागच्या बाकावरच्यांची ओढ. डिसेंबर २०१६ मध्ये त्याचा फोन आला, "अरे, आमचा सगळ्यात चांगला पिचर देऊन टाकला, आणि मी खूश आहे!"

मला काही कळेना. आपला मुख्य गोलंदाज दुसऱ्याला देऊन कोण खूश होतं?

त्यामागे एक हिशेब आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये शेवटच्या नंबरावर आलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जात नाही. उलट नव्या खेळाडूंची निवड होते तेव्हा हरलेल्यांचा नंबर आधी लागतो. शिवाय नवा खेळाडू मुख्य संघात आला की साधारण सहा हंगाम त्याच्यावर संघाचा हक्क राहतो, आणि त्यातली पहिली काही वर्षं तो फार स्वस्तात मिळतो. मग धड वर नाही धड खाली नाही अशा संघानं काय करावं? मोठी नावं देऊन टाकावी, बदल्यात होतकरू पोरं घ्यावी, तीन-चार वर्षं मुकाट्यानं हरावं आणि पोरं एकदम पिकली की जिंकावं. यालाच तिकडे पुनर्बांधणी म्हणतात. कब्सनी याच वाटेनं जाऊन २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं होतं. ह्यूस्टन २०१३ मध्ये १११ सामने हरला आणि २०१७ मध्ये विजेता झाला. (त्या विजयावर पुढे खुणा चोरल्याचा डाग लागला, ती गोष्ट वेगळी.)

व्हाइट सॉक्सची सुरुवात तर दृष्ट लागावी अशी होती. ख्रिस सेल बोस्टनला दिला, बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक धरून चार पोरं आली. ॲडम ईटन वॉशिंग्टनला दिला, लुकास जिओलिटो आला. पुढच्या वर्षी होसे किंटाना थेट शेजारच्या कब्सना दिला आणि एलॉय हिमेनेझ व डिलन सीस मिळाले. क्यूबाचा लुइस रॉबर्टही आला. मग ठरल्याप्रमाणे हरणं सुरू झालं : १६२ सामन्यांच्या हंगामात २०१७ मध्ये ९५ पराभव, २०१८ मध्ये १००. दादा तरी तिकीट काढून जायचा. "आत्ता पेरतोय रे," म्हणायचा.

पीक आलंही. करोनामुळे ६० सामन्यांच्या झालेल्या २०२० च्या हंगामात ३५ विजय, २०२१ मध्ये ९३ विजय आणि गटात पहिला नंबर. त्या वर्षी बाद फेरीत ह्यूस्टननं ३-१ नं हरवलं, पण संघ तरुण होता. आता पाच वर्षं आपलीच, असं सगळे धरून चालले होते.

तिथून पुढचे विजयांचे आकडे बघा : २०२२ मध्ये ८१, २०२३ मध्ये ६१, २०२४ मध्ये ४१. जिना उतरावा तसे. २०२४ चे १२१ पराभव म्हणजे १९०० नंतरच्या बेसबॉलमधला एका हंगामातला उच्चांक.

दुखापती झाल्या, हे खरंच. २०२१ च्या सरावात हिमेनेझ प्रतिस्पर्ध्याचा होमरन अडवायला कुंपणावर झेपावला आणि छातीचा स्नायू फाडून घेतला. त्याच हंगामात रॉबर्टही कित्येक आठवडे बाहेर होता. पण दुखापती कुणाला चुकल्यात? माझ्या मते घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. पोरं गोळा करणं हा कामाचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात राहिलेली भोकं पैसे टाकून बुजवायची असतात. तिथे यांनी हात आखडला.

मॅनी मचाडोची गोष्ट ऐका. २०१९ च्या आधी या बड्या खेळाडूला ओढायचं म्हणून व्हाइट सॉक्सनी त्याचा मेहुणा आणि एक मित्र असे दोघं संघात आणले! लग्नाची बोलणी करावी तसा थाट. बातम्यांनुसार त्यांनी २५ कोटी डॉलर पुढे केले. सॅन दिएगोनं ३० कोटी दिले आणि मचाडो तिकडे गेला. मेहुणा मात्र शिकागोत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये अँड्र्यू बेनिन्टेंडीशी साडेसात कोटींचा करार झाला, तोच या संघाचा तोवरचा सर्वांत मोठा.

उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी. २०२१ साठी तिथे कुणाला आणलं? ज्याला २०१६ मध्ये देऊन टाकलं होतं त्याच ईटनला, तेही जुलैत सोडून देण्यासाठी. फर्स्ट बेसवर खेळणाऱ्या अँड्र्यू वॉनला बाहेरच्या मैदानात धावायला लावलं. विकेटकीपरला सीमारेषेवर उभं करावं तसं. त्याच जुलैत निक माद्रिगल कब्सना देऊन क्रेग किम्ब्रलला आणलं. तहान लागल्यावर विहीर खणली, आणि तिलाही पाणी लागलं नाही.

आणि मालक. जेरी राइन्सडॉर्फनी १९८६ मध्ये आपल्या संघातून टोनी ला रुसांना काढू दिल्याची खंत जन्मभर बाळगली. २०२० मध्ये संघ वर येताच त्यांनी मॅनेजर रिक रेंटेरियांना निरोप दिला आणि ७६ वर्षांच्या ला रुसांना परत बोलावलं. ला रुसांनी २०११ नंतर एकाही संघाची सूत्रं हाती घेतली नव्हती. त्या ९३ विजयांमुळे निवड सरसकट चुकली असं मला म्हणता येत नाही. पण मोठ्या आघाडीवर असताना होमरन मारला म्हणून स्वतःच्याच नवख्या खेळाडूला, यर्मिन मर्सेडेसला, त्यांनी जाहीरपणे झापलं, तेव्हा दादा फोनवर नुसता गप्प बसला होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये ही बांधणी उभी करणारे केन विल्यम्स आणि रिक हान दोघांनाही काढण्यात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये संघानं आपला सगळ्यात चांगला पिचर, गॅरेट क्रोशे, देऊन टाकला. पुन्हा डिसेंबर, पुन्हा बोस्टन, बदल्यात पुन्हा चार पोरं. या वेळी दादाचा फोन आला नाही, मीच केला. म्हणाला, "हो, वाचलं. पोरं चांगली आहेत म्हणतात." आणि आत्याच्या गुडघ्याचं विचारायला लागला.