डबल काचेचा मिस्त्री

सकाळी ६.५०, दापोडी. स्कूटर दारात उभी आहे. पाय ठेवायच्या जागी हत्यारांची पिशवी, हुकाला दोन डबे. पिशवीत ड्रिल तळाशी गेलंय, ते क्वचितच निघतं. वर असतं ते रोजचं: रबरी हातोडा, पुट्टीची बोथट पट्टी, ॲलन कीचा जुडगा, सिलिकॉनची गन, पेन्सिल, सायकलचा जुना स्पोक. शिवाय श्रीखंडाचा रिकामा डबा, रंगीत प्लास्टिकच्या चकत्यांनी भरलेला. त्यांना 'पॅकिंग' म्हणायचं. प्रत्येक रंगाची जाडी वेगळी. एक मिलीमीटरपासून पाचपर्यंत. डबा उघडून मिस्त्री एकदा बघून घेतात. बाकीची हत्यारं कुठेही मिळतात, पॅकिंग ऐनवेळी मिळत नाही.

जुलै सुरू आहे. पावसाळा म्हणजे खिडकीवाल्याचा सीझन, आणि पावसाळ्यातच बाहेरून काम करता येत नाही. ओल्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही. म्हणून तक्रारी जूनपासून गोळा होतात आणि उघडीप मिळेल तशी कामं होतात.

हाताखालचा पोरगा लातूरकडचा. हजेरी ७०० रुपये. पावसाने काम बुडालं तर हजेरीही बुडाली. चहा-नाश्ता मात्र मिस्त्रींकडे.

८.००, भोसरी एमआयडीसी. काचेच्या कारखान्यात आजची काच तयार आहे. टेम्पो ती दुपारी उचलेल. मिस्त्री आत्ता फक्त माप बघायला आलेत. टेप लावतात. १२०० बाय १३५०. मग कर्णाने दोन्हीकडून. बरोबर.

डबल काच म्हणजे पाच मिलीमीटरच्या दोन काचा, मध्ये बारा मिलीमीटरची पोकळी. कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरते आणि तिच्यात साबुदाण्याहून बारीक मणी भरलेले असतात. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तसं त्यांचं काम: आतली ओल शोषायची. पट्टीच्या दोन्ही अंगांना काळं, चिकट ब्यूटिल आणि बाहेरून सगळीकडे जाड सीलंट. एकदा बंद केलं की आत हवा जाऊ नये, बाहेर येऊ नये. दिवसा तापून आतली हवा फुगते, रात्री आक्रसते. ती ओढाताण कडेच्या त्या सीलला रोज सोसायची असते.

काच टफन केलेली आहे, कोपऱ्यात शिक्का आहे. टफन काच भट्टीतून निघाली की कापता येत नाही, घासता येत नाही. माप पाच मिलीमीटरने चुकलं तर अख्खी काच गेली. साडेसतरा चौरस फूट, दर २९०, एकूण ५,०७५. मिस्त्री अर्धे आधी देऊन गेले होते, उरलेले मोबाईलवरून टाकतात आणि पावतीचा फोटो काढून ठेवतात.

९.३०, बाणेर, हायवेच्या कडेची इमारत. गेटवर नाव, नंबर, फोटो. घरमालकाने मोबाईलवर 'हो' म्हणेपर्यंत उभं राहायचं. आज बारा मिनिटं लागली. बाजूने सूट घातलेला माणूस काही न विचारता आत गेला.

अकरावा मजला. काका दारातच सांगतात, "नवी खिडकी आहे हो, साडेचार वर्षांची. तरी पाणी आत येतं. काचच बदलावी लागेल ना?"

मिस्त्री काचेकडे बघतच नाहीत. गुडघ्यावर बसून खालचा ट्रॅक बघतात. पाणी साचलंय, त्यात कबुतराची पिसं, सिमेंट, एक मेलेली मधमाशी. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते बाहेर जायला चौकटीत चिरा ठेवलेल्या असतात. आतल्या चिरेतून पाणी चौकटीच्या पोकळीत उतरतं, मग थोडं सरकून बाहेरच्या चिरेतून निघतं. सरळ आरपार ठेवली असती तर वाऱ्याने पाणी उलटं आत ढकललं असतं. इथे आतली चीर मातीने बुजलीय आणि बाहेरची सिलिकॉनने. इमारतीला रंग देताना गळतीवर उपाय म्हणून कुणीतरी चौकटीच्या सगळ्या फटी प्रामाणिकपणे भरून टाकल्यात.

पल्ला उचलून बाहेर काढतात. पोरगा धरतो. स्पोक वाकवून आतली माती ओढतात, मग हात बाहेर घालून पट्टीने सिलिकॉन कापतात. अकराव्या मजल्यावर तो हात खांद्यापर्यंत बाहेर गेला की मला बघवत नाही. दुसऱ्या हाताने पोरग्याने त्यांचा पट्टा धरलेला असतो.

"काही जण सरळ ड्रिलने नवीन होल मारतात," मिस्त्री म्हणतात. "चौकटीच्या आत लोखंडी पट्टी असते. तिच्यावर पाणी पडलं की झालं."

मग तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओततात. पाणी गरगरतं, चिरेत शिरतं आणि बाहेर टपकायला लागतं. काका खाली वाकून बघतात.

"एवढंच?"

"एवढंच, काका. चारशे द्या."

"अहो, वीस मिनिटांचं काम. माती तर मीही काढली असती."

मिस्त्री वाद घालत नाहीत. तीनशे घेतात. लिफ्टमध्येही गप्पच. माझं मत मात्र सांगून टाकतो: याच काकांना काच बदलायला आठ हजार सांगितले असते, तर त्यांनी साडेसातवर मान्य केलं असतं आणि वर चहा पाजला असता.

११.१५, बालेवाडी. इथे दारासारखी उघडणारी खिडकी आहे, दोन पल्ले. लावताना खाली घासते, हँडल फिरवायला दोन हात लागतात. बाईंनी हँडलवर तेल सोडलंय, ते भिंतीवर ओघळलंय. "भैया, हँडल चेंज करना पडेगा?" मिस्त्री अहिल्यानगर जिल्ह्यातले, पण भैया म्हटलं की हिंदीतच उत्तर देतात. "नहीं मॅडम, हँडल ठीक है. पल्ला बैठ गया है."

डबल काच जड असते. एक चौरस मीटर काचेचं वजन प्रत्येक मिलीमीटर जाडीमागे अडीच किलो. दोन काचा मिळून दहा मिलीमीटर, म्हणजे चौरस मीटरमागे पंचवीस किलो. हे वजन एका बाजूच्या बिजागरांवर लोंबकळतं. प्लास्टिकची चौकट ते एकटी पेलू शकत नाही. काचेनेच चौकटीला उचलून धरावं लागतं. त्यासाठी ती श्रीखंडाच्या डब्यातली पॅकिंग.

आधी काच धरणाऱ्या पट्ट्या काढायच्या. सगळ्यात लांब पट्टीपासून सुरुवात, तीही मधोमध. पुट्टीची पट्टी फटीत, वर हातोड्याचे हलके ठोके. टक, टक, टक. पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने खूण: डावी, वर, उजवी, खाली. चारही सारख्या दिसतात आणि एकही दुसरीच्या जागी नीट बसत नाही.

आता काच मोकळी आहे. पोरगा तळव्याने दाबून धरतो. मिस्त्री बिजागराच्या बाजूला, खाली, निळं पॅकिंग सरकवतात. मग हँडलच्या बाजूला, वर, पट्टी घालून पल्ला किंचित उचलतात आणि तिथे लाल. म्हणजे वजन तिरकं होऊन खालच्या बिजागराकडे उतरतं. पल्ला लावून बघतात. अजून घासतोय. लाल काढून हिरवं. पुन्हा लावतात. आता वर अडकतोय. हिरव्याऐवजी लाल आणि एक पांढरं. बसला. हे तीन वेळा झालं. नुसतं बघणाऱ्याला फरक दिसला नसता, दोन मिलीमीटरचा होता.

दुसऱ्या पल्ल्याचा वरचा फ्रिक्शन स्टे, म्हणजे पल्ला उघडा धरून ठेवणारी सरकती पट्टी, गंजून वाकलाय. जोडी बदलावी लागते. एक बदलला तर दोन्ही सारखे चालत नाहीत. सोळा इंची जोडी ४८० ला आणलेली, ६५० ला लावतात. पल्ल्याचे ४५० प्रमाणे ९००. एकूण १,५५०. बाई बिल मागत नाहीत, घासाघीसही करत नाहीत. हँडल एका बोटाने फिरवून बघतात, पुन्हा फिरवतात.

निघताना हॉलमधल्या काचेकडे बोट दाखवतात. तिच्यात खालच्या कोपऱ्यात पांढुरकी झाक आहे. मिस्त्री आतून पुसतात. हात बाहेर घालून पुसतात. जात नाही. टेप निघते, माप लिहिलं जातं, टेपसकट फोटो.

१.१०, झाडाखाली. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, ठेचा. पोरग्याच्या डब्यात भात आणि पिठलं. दोघं अर्धं-अर्धं करतात. जेवताना फोन वाजतो. स्पीकरवर एक घाबरलेला आवाज: नव्या डबल काचेवर सकाळी पाणीच पाणी, काच फुटली का?

"आतून पुसलं जातं का?"

"नाही."

"बाहेरून?"

"हो, बाहेरून जातं."

"एसी कितीवर?"

"अठरा."

"चोवीसवर करा. बाहेर दमट हवा आहे, काच गार पडते, बाहेरून दंव धरतं. काच चांगली आहे."

पलीकडे हायसं वाटतं. फोन बंद. यातून आलेले पैसे: शून्य. व्हिजिट लावली असती तर चारशे झाले असते, हे पोरगा बोलून दाखवतो. मिस्त्री ठेच्याला बोट लावतात.

२.४०, विमाननगर. टेम्पो येऊन उभा आहे. भाडं ९००. वॉचमन सांगतो, दोन ते चार आवाजाचं काम बंद. ड्रिल नाही, फक्त हातोडा. हातोडापण आवाजच. सेक्रेटरींना फोन लागतो, ते झोपेतून उठून 'हळू ठोका' म्हणतात.

काच एक पूर्णांक बासष्ट शतांश चौरस मीटर. चाळीस किलो. दोघांचे दोन व्हॅक्यूम कप, काच उभीच न्यायची, आडवी कधीच नाही. लिफ्टमध्ये चादर अंथरतात. चौथा मजला.

जुनी काच आतून पांढरी पडलीय. घरातल्या आजी रोज पुसतात म्हणे. मुलाने विचारलं, भोक पाडून आत वारा मारता येतो का, मोबाईलवर बघितलंय. मिस्त्री म्हणतात, "धुकं जाईल काही दिवस. पण मणी ओलीने भरलेत आणि सील गेलंय, ते कसं परत येणार? शिवाय टफन काच. होल पाडायला गेलात की चुरा."

पट्ट्या निघतात. काच ओढून बाहेर घेताना खालच्या खाचेतून पाणी वाहतं. काळं, कुजकट. काचेची खालची कड त्या पाण्यात किती महिने उभी होती कुणास ठाऊक. सीलंट सुटून साबणासारखं बोटाला येतं. मिस्त्री स्पोक काढतात. चौकटीतल्या पाण्याच्या दोन्ही चिरा बुजलेल्या. एकीवर सिलिकॉन, आंबट वासाचं. तसलं सिलिकॉन डबल काचेच्या सीलला चालत नाही, पण स्वस्त मिळतं.

चिरा मोकळ्या करून, पुसून, खाली पॅकिंगचे दोन ठोकळे. काच पाण्यात टेकता कामा नये. मग "हां... हां... खाली... सोड." काच बसते. बाजूची पॅकिंग. आखूड पट्ट्या आधी, लांब नंतर, वाकवून मध्ये दाबून. टक, टक, हळू.

तेवढ्यात वरून विमान जातं. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. हवाई दलाची सुखोईही तिथलीच. खिडकी बंद आहे तरी भांडी हलल्यासारखी वाटतात. मुलगा म्हणतो, "नवीन काच टाकूनही आवाज येतोच की."

"ही काच उष्णतेला चांगली. आवाजाला दोन्ही काचा सारख्या जाडीच्या नकोत. एक जाड, एक पातळ. नाहीतर लॅमिनेटेड. त्याला पैसे जातात." मग पल्ल्याच्या कडेचं रबर बोटाने दाबत जातात. एका कोपऱ्यात ते आक्रसलंय, बोटाच्या पेराएवढी फट. "पण आधी हे. फट ठेवून काच कितीही घ्या." पिशवीतून रबराचा तुकडा कापून बसवतात. त्याचे पैसे लावत नाहीत. पुढचं विमान गेलं तेव्हा आवाज कमी वाटला. रबराने का मनाने, मी सांगू शकत नाही.

आठ हजार ठरले होते, आठ हजार मिळतात. आजी चहा करतात, पोरग्यालाही कपात, वेगळ्या स्टीलच्या पेल्यात नाही.

४.५०, इमारतीखाली. जुनी काच भंगारवाला घेत नाही. मिस्त्री कडेचं सीलंट कटरने सोडवून दोन्ही काचा वेगळ्या करतात. मणी रस्त्यावर सांडतात. ॲल्युमिनियमची पट्टी पिशवीत. धुतल्यावर दोन्ही काचा चक्क स्वच्छ. कापता येत नाहीत, पण टेबलावर टाकता येतात. एक टेम्पोवाला मागून घेतो, एक कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवतात. त्याने दोन कटिंगचे पैसे घेतले नाहीत.

७.३०, भवानी पेठ. हार्डवेअरच्या दुकानात गर्दी. वास न येणारं सिलिकॉन, एक नळी. सरकत्या खिडकीचा ब्रश, दहा मीटर. चाकांच्या चार जोड्या. रंग बघून पॅकिंगची दोन पाकिटं. पाऊस सुरू झालाय. सगळं दुहेरी पिशवीत.

९.००, घर. वही उघडते. जमा: ३००, १,५५०, ८,०००. एकूण ९,८५०. खर्च: काच ५,०७५, टेम्पो ९००, स्टे ४८०, सिलिकॉन-रबर-पॅकिंग २५०, पेट्रोल २००, हजेरी ७००, चहा-नाश्ता १४०. हातात २,१०५. विमाननगरला माप घ्यायला आठवड्यापूर्वी अर्धा दिवस गेला होता, तो वहीत नाही. परवा आणि त्याआधी पावसाने काम नव्हतं. त्या पानांवर फक्त तारीख आहे.

बालेवाडीचं माप कारखान्याला पाठवतात. उलट मेसेज लगेच: 'टफन? पक्का का?' मिस्त्री टेपचा फोटो मोठा करून बघतात. ९६२ का ९६३, रेघेवर प्रकाश चमकलाय. पाठवत नाहीत. बाईंना फोन लावतात, सकाळी साडेआठला पाच मिनिटं यायचंय, पुन्हा मोजायला. बाई विचारतात, त्याचे वेगळे पैसे का?