काटेसावर फुललीय, कॅमेरा काढा!
फेब्रुवारी लागला की पुण्यात रस्त्याकडेची काटेसावर फुलते आणि माझा कॅमेरा गळ्यातून उतरत नाही. झाडावर पान नाही, नुसती लालभडक फुलं. पक्षी लपणार कुठे? साळुंक्या, बुलबुल, कावळे असतातच, पण खरा मान भोरड्यांचा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाहुण्या मध्य आशिया, पूर्व युरोपातून हिवाळ्यात येतात नि मधुरसावर तुटून पडतात. डोकं परागांनी माखतं आणि परागीभवनही होऊन जातं. खाली रिक्षाच्या टपावर पडलेली फुलंही जरूर टिपा, मला तर तेच फोटो जास्त आवडतात. सकाळचं ऊन पाठीशी घ्या. मागे उजळ आकाश असेल तर पक्षी काळा येतो, एक्स्पोजर थोडं वाढवा. तुमच्या गल्लीत सावर असेल तर फोटोसोबत ठिकाणही कळवा!